आता पाय ठेवू नये

नोव्हेंबर लागला की साहेब लोकरीची टोपी घालायचे. आखातात, उम्म अल कुवैनला नोव्हेंबरात माणसं बनियनवर बसतात, आणि हा माणूस कान झाकून, हातमोजे घालून मागच्या दारात उभा. मला विचारायचे, "तयारी झाली का?" कसली, तर हिवाळ्याची. पहिल्या वर्षी मी म्हटलं, "साहेब, हिवाळा कुठाय इथं?" ते म्हणाले, "येतो. आपण तयारी केली की येतो."

मी त्यांच्याकडे माळी होतो. नव्वद सालाच्या पुढची आठ वर्षं. ते मूळचे पुण्याचे, शिकलेले, कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. मी पाटणच्या बाजूचा, डोंगरातला, चौथी शिकलेला. आमच्या गावाकडं हरळी उपटता उपटता माणूस म्हातारा होतो. औत मोडेल पण हरळी मरत नाही. आणि तीच हरळी वाळूत लावायला आणि जगवायला मला विमानात बसवून नेलं. आमची ही ऐकून दोन दिवस हसत होती. म्हणाली, "अवो, मग हितली घिऊन जावा की पोतंभर."

साहेबांच्या बंगल्यामागं हरळीचा तुकडा होता. चाळीस पावलं लांब, पंचवीस रुंद. भोवती भिंत. त्या तुकड्याचं वेळापत्रक स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला आतून चिकटवलेलं होतं. जुना पिवळा कागद, इंग्रजीत छापलेला, कुठल्या तरी थंड देशातल्या गावाचा. कुठल्या महिन्यात गवताचं काय करायचं ते त्यावर होतं. मला इंग्रजी येत नाही, पण कडेला बायकी अक्षरात मराठीत लिहिलेलं होतं, ते मी वाचत असे. सप्टेंबरसमोर 'खरवडून काढणे, भोकं पाडणे'. ऑक्टोबरसमोर 'बी टाकणे'. नोव्हेंबरसमोर 'शेवटची कापणी'. आणि डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी असे तीन महिने एका कंसात घेऊन पुढे एकच ओळ, 'आता पाय ठेवू नये'.

ते अक्षर साहेबांच्या बायकोचं. ती कशी गेली ते मला फार उशिरा कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो, उगाच कोडं घालत नाही. साहेब पूर्वी कुटुंबासकट त्या थंड देशात होते. मग पगारासाठी एकटे आखातात आले. बायको मुलीला घेऊन तिकडंच राहिली. तिकडच्या घरामागचं गवत तिचं होतं, तिनं वाढवलेलं. एका फेब्रुवारीत सकाळी ती अनवाणी स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर गेली, गवताच्या मध्यापर्यंत चालली आणि तिथंच पडली. मुलगी शाळेत. साहेब इकडं. दुपारपर्यंत कुणाला पत्ता नाही.

तिकडं दंव गोठतं. साहेबांनी मला समजावलं होतं, की गवताची पात काचेसारखी होते, वरून पाय पडला की आतल्या आत मोडते. त्या दिवशी काही दिसत नाही. दोन दिवसांनी तेवढं गवत काळं पडतं, मग पिवळं, आणि पावलाचा शिक्का तसाच राहतो. साहेब पाचव्या दिवशी पोचले तेव्हा तिला नेऊन झालं होतं. पण पावलं उमटलेली होती. सतरा. दारापासून मध्यापर्यंत जाणारी. परत येणारं एकही नाही. डावा पाय थोडा बाहेर पडायचा तिचा, तोही दिसत होता. साहेब महिनाभर ती पावलं बघत बसले. मग नोकरीवर यावं लागलं. मुलीला मावशीकडं ठेवलं. एप्रिलात परत गेले तर ऊन लागून गवत वाढलेलं आणि सगळं हिरवंगार. एक पाऊल शिल्लक नाही.

म्हणून हा माणूस वाळवंटात हिवाळा लावत होता. त्यांना ती पावलं परत हवी होती. आणि एकच गोष्ट समजून घ्यायची होती. जी बाई दुसऱ्याला गोठलेल्या गवतावर पाय ठेवू देत नव्हती, जिनं स्वतःच्या हातानं तसं लिहून ठेवलं होतं, ती अनवाणी कशाला गेली तिथं? तिथं काहीच नव्हतं. ना झाड, ना कपड्याची दोरी.

मला ह्यातलं काही माहीत नव्हतं तेव्हा मी आपला सांगितलं ते करायचो. ऑक्टोबरात हरळी मातीला टेकवून कापायची, लोखंडी काट्यानं भोकं पाडायची, रोल्लाच्या बाजारातल्या दुकानातून आणलेलं थंडीच्या गवताचं बी टाकायचं, वर चाळलेली वाळू. दिवसातून चार वेळा पाणी. सातव्या दिवशी केसासारखं बारीक, पोपटी गवत वर. नोव्हेंबरअखेर शेवटची कापणी. मग साहेब स्वतः मशीन पुसून गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि म्हणायचे, "खलास. आता गवताला झोपू दे. झोपलेल्याच्या अंगावरून चालू नये."

इथं एक गोष्ट सांगतो, पटली तर घ्या. आखातात तेच गवत डिसेंबर-जानेवारीत नुसतं माजतं. बाकीच्या बंगल्यांत मी दर आठवड्याला कापायचो. साहेबांच्या इथं ते तीन बोटं वाढायचं आणि थांबायचं. मार्चपर्यंत तसंच. खत बंद, पाणी कमी, म्हणून असेल. पण मी मुद्दाम एका कोपऱ्यात जास्त पाणी सोडून बघितलं. तिथंही तीन बोटं.

शेजारच्या गेटावर एक मलबारी वॉचमन होता. तो भिंतीवरून बघायचा. म्हणायचा, "भाई, इसपे चिडिया क्यों नहीं बैठती?" मी म्हटलं, तुझं तोंड बघून. पण खरंच बसत नव्हती. साळुंक्या भिंतीवर ओळीनं बसायच्या, तोंड गवताकडं करून, आणि तशाच उडून जायच्या. मांजरं कडेकडेनं जायची, भिंतीला अंग घासत. मी पाणी घालायचो तेही कडेच्या फरशीवर उभा राहून, लांब पाईपनं.

साहेब सकाळी चहा घेऊन मागच्या दारात खुर्ची टाकून बसायचे. कप दोन. त्या दिवसांत खाडीवरून धुकं येतं, बंगले दिसेनासे होतात, गवतावर पाणी साचून ते पांढरं दिसतं. साहेब हळूच म्हणायचे, "दंव पडलंय." मी म्हणायचो, "व्हय." काय सांगणार? दार आतून बंद करून त्याच्या फटींना ते चिकटपट्टी लावायचे, वारा आत येऊ नये म्हणून. मार्चपर्यंत ते दार फक्त सकाळी, ते स्वतः असतील तेव्हाच उघडायचं. दुसरा कप मी नंतर धुवायचो. एखाद्या दिवशी तो रिकामा असायचा. साहेबच पीत असतील, दुसरं कोण.

शुक्रवारी मुलीला फोन करायचे. फोन मागच्या दाराशीच. ते मराठीत बोलायचे, ती इंग्रजीत. हे म्हणायचे, "बाळा, यंदा गवत अगदी आईच्यासारखं आलंय." तिकडून मोठा आवाज यायचा, मलाही ऐकू येईल एवढा, "पपा, प्लीज, नॉट अगेन." मग साहेब फोन ठेवायचे आणि टोपी नीट करायचे.

वेडे होते का? कामावर म्हणे वाघ होते. आकडेमोड तोंडी. करामाच्या बाजारात जाऊन स्वतः भाजी निवडून आणायचे, दुकानदाराशी हुज्जत घालायचे. मला कधी आवाज चढवून बोलले नाहीत. मी गावी जायचो तेव्हा आमच्या हिच्यासाठी न चुकता साडी द्यायचे, आणि प्रत्येक वेळी एकच विचारायचे, "तू घरी पोचतोस तेव्हा ती कुठं असते?" मी म्हणायचो, "असती की दारात." ते म्हणायचे, "आणि ती जाते-येते तेव्हा तू?" मी हसायचो. म्हटलं, "मी हितं नाय का तुमच्या गवतात?" ते हसले नाहीत.

आता चुकीकडं येतो. चूक माझी.

सातवा हिवाळा. फेब्रुवारी लागताच साहेबांना कंपनीनं तीन आठवडे मस्कतला पाठवलं. जाताना त्यांनी दाराच्या फटींना बाहेरूनही नवी पट्टी लावली, त्या दाराची किल्ली बरोबर नेली. मला म्हणाले, "लक्ष ठेव." मी म्हटलं, "इन्शाल्ला, काळजी करू नका."

चौथ्या दिवशी दाट धुकं पडलं. त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी पाईप घेऊन गेलो तर गवतावर काळपट डाग. मी पहिल्यांदा किडीचे समजलो. वाकून बघितलं तर टाच, तळवा, बोटं. बंद दाराच्या पायरीपासून निघालेली आणि मध्यावर थांबलेली. मोजली. सतरा. डावं पाऊल प्रत्येक वेळी थोडं बाहेर. माझ्या पायापेक्षा चार बोटं लहान.

अंगावर काटा आला तो येऊन गेला. मग माझ्यातला माळी जागा झाला. ओल्या तळव्याला युरिया चिकटला आणि गवतावर चाललं की अशीच पावलं जळतात, हे मला ठाऊक होतं. पहिल्या वर्षी एका बंगल्यात माझ्याकडून तसं झालं होतं, शिव्या खाल्ल्या होत्या. पण युरियाचं पोतं नोव्हेंबरापासून शिवलेलं. गेटाला कुलूप, किल्ली माझ्याकडं. दाराची पट्टी जशीच्या तशी, मी बोट फिरवून बघितलं. वॉचमनला विचारलं तर तो म्हणाला, "हमको मत पूछो भाई," आणि आत गेला. दुसऱ्या दिवसापासून तो त्या बाजूला बसेना.

मला एकच भीती. साहेब येणार आणि म्हणणार, तीन महिने पाय ठेवू नको म्हटलं, तर तू पाय ठेवलास. ह्या गवतासाठी जगणाऱ्या माणसाचं गवत माझ्या राखणीत खराब झालं. माळ्याला डाग म्हणजे नाक कापल्यासारखं. मी आडवी फळी टाकली, तिच्यावर पालथा पडलो आणि एकेक पाऊल दुरुस्त केलं. मेलेली पात बोटांनी उपटली, माती उकरली, बी दाबलं, वर वाळू. शिंपडून पाणी, दिवसातून पाच वेळा. एवढ्या मायेनं मी कधी काम केलं नव्हतं. एक सांगतो, त्या सतरा जागची माती थंड होती. ऊन वर आलं तरी. बोटं बधीर व्हायची. मी म्हटलं पाण्यानं असेल. आठव्या दिवशी पोपटी केस वर आले. साहेब यायच्या दिवशी मलाच जागा सापडेना, इतकं बेमालूम.

ते आले. मी स्वतःहून सांगितलं, कारण लपवणं मला जमत नाही. "साहेब, तुम्ही नसताना डाग पडले हुते. पावलांसारखे. पण मी बुजवले. बघा, काय कळतंय का?"

साहेबांनी बॅग खाली ठेवली. "पावलांसारखे?"

"व्हय."

"किती?"

"सतरा."

"कुठून निघाली होती?"

"दारापासनं."

"डावा पाय?"

"बाहेर पडत हुता जरा."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. मग विचारलं, "परत आलेली होती?"

"न्हाई साहेब. मधीच संपली."

तेव्हा त्यांनी मला ते सगळं सांगितलं, जे मी तुम्हाला आधी सांगून टाकलं. उभ्या उभ्या, टोपी हातात घेऊन, ऑफिसातला रिपोर्ट सांगावा तसं. सात हिवाळे ते ह्या दारात बसले होते. आणि एकदा पावलं आली तेव्हा परत ते नव्हते. मी होतो, आणि मी ती बुजवली होती. हाताला अजून वाळू होती माझ्या.

मला वाटलं आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते दुरुस्त केलेल्या गवताकडं बघत राहिले आणि म्हणाले, "छान केलंस. कुठं कळत नाही."

मग त्यांनी पट्टी काढली, दार सताड उघडलं आणि बूट-मोजे काढले. फेब्रुवारी होता, कागदावर बाईंची ओळ होती, तरी ते गवतावर उतरले. "सांग," म्हणाले. मी आठवेल तसं सांगत गेलो, जरा डावीकडं, जरा पुढं. सतरा झाली तशी ते थांबले आणि मागं वळले. दाराकडं बघत होते.

"तू दारात उभा राहा," म्हणाले.

मी उभा राहिलो.

"तसा नाही. घरातून बाहेर बघतोस असा."

मी चौकटीला हात लावून उभा राहिलो. साहेब तिकडून म्हणाले, "दिसतं. इथून दारात कोण आहे ते नीट दिसतं." मग हलक्या आवाजात, "कोणी नाही, तेही दिसत असणार."

त्यानंतर त्यांनी तो तुकडा हिवाळ्यासाठी कधी बंद केला नाही. टोपी घातली नाही. पुढच्या वर्षी नोकरी सोडून मुलीकडं गेले. जाताना दाराचा कागद काढून घेतला आणि मला म्हणाले, "यल्ला, चल, तूही जा आता घरी." मी नाही गेलो. आणखी बारा वर्षं राहिलो. घर बांधायचं होतं, पोराचं शिक्षण होतं. सगळ्यांचं असतंच काहीतरी.

हे आता सांगायचं कारण आमचं अंगण.

आमची ही श्रावणात गेली. तिची अंगण सारवायची पद्धत अशी, की लांबच्या टोकाला सुरुवात करायची आणि मागं मागं सरकत उंबऱ्याला यायचं. ओल्या सारवणावर पाऊल म्हणून उमटायचं नाही. दुसऱ्या कुणी ठेवलं तर तिथल्या तिथं उद्धार. त्या दिवशी पावसानं उघडीप दिली म्हणून तिनं अंगण सारवलं, उंबऱ्याशी आली, आणि मग ओल्यातूनच चालत समोरच्या कुडाच्या कुंपणापर्यंत गेली. तिथं काही नाही. बादली दारात, हात धुवायचं पाणी दारात. तिथं जाऊन पडली. मी गावातच होतो. वीस वर्षं आखातात काढून आलेला मी पारावर पत्ते खेळत होतो. मला बोलवायला आले तोवर ऊन पडून सारवण वाळलं होतं, आणि त्यात तिची अकरा पावलं.

तीन महिने मी अंगणाला कुणाला हात लावू दिला नाही. पावसाळ्यात ताडपत्री घातली. पोपडे निघाले, कडा फुटल्या, पण पावलं होती. लोक म्हणाले म्हातारा फिरला. मुलगा कराडला नोकरीला, तो येऊन समजावून गेला. सून-नातवंडं माझ्याजवळच असतात. सून एकदा म्हणाली, "मामा, दिवाळी आली, दारात बरं दिसत नाही." मी म्हटलं, "नंतर बघू." तिला मी कारण सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं.

परवा डोळ्याचं औषध आणायला मी कराडला गेलो होतो. दुपारच्या एसटीनं परत आलो तर अंगण सारवलेलं. गुळगुळीत, हिरवट, कडेला चुन्याची रेघ. सून सासूसारखीच मागं मागं सरकत उंबऱ्याला पोचली होती. कोपरापर्यंत हात शेणाचे, कपाळावर घाम. तोंड भरून म्हणाली, "बघा मामा, आत्याबाईंच्यावानी झालंय का?"

मी अंगण बघितलं. कुठं कळत नव्हतं.

"छान केलंस पोरी," मी म्हटलं.

मागच्या दारानं वळसा घालून आत आलो. अंगण ओलं होतं. घरात सगळ्यांना सांगितलं, कुणी पाय टाकू नका. आणि पुढच्या दारात येऊन उंबऱ्यावर बसलो, कुडाकडं तोंड करून. वारा नव्हता. चिमण्या कुडावर ओळीनं बसल्या होत्या, खाली एकही उतरत नव्हती.

दिवस मावळायला आला तशी सून दिवा घेऊन आली. म्हणाली, "मामा, तिन्हीसांजा झाल्या. उंबऱ्यावर बसू नये हो, आत या."

मी म्हटलं, "बसू दे. दारात माणूस दिसायला पायजे."